दीक्षेचा रुमाल

श्रीखंडाची हौस विभावरीची स्वतःची होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. आल्मेडांच्या घरात ताटात डुकराच्या मटणाचं इंद्याल आणि तळलेल्या फुग्या पडल्या की माणसं तृप्त होतात, हे चौदा वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलं होतं. पण उद्या थोरल्या दिरांच्या, फादर इनासच्या, दीक्षेला पंचवीस वर्षं पुरी व्हायची होती. उद्या देवळात मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, आणि मग हॉलमध्ये सगळ्या पॅरिशचं जेवण. आज शुक्रवारी दुपारी मात्र फक्त घरची माणसं, आणि त्या जेवणात पुण्याची एक तरी वाटी असावी, एवढंच तिचं म्हणणं.

ईस्टर नुकताच होऊन गेला होता, आणि न्यूझीलंडच्या या लोअर हटमध्ये ईस्टर आला की फिजोआ येतात. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो, लोक बादल्या भरभरून शेजाऱ्याच्या दारात ठेवतात, आणि शेजारी त्याच बादल्या पुढच्या दारात सरकवतो. विभावरीनं ठरवलं, फिजोआचा गर घालून श्रीखंड करायचं. सॅबी, तिचा नवरा, म्हणाला, "तुझं पुणं आणि आमचं हट, दोघांचं नाक कापणार तू." पण दही आणायला डेअरीत गेला तोच.

अडचण एकच झाली. चक्का बांधायचं तिचं मलमलचं फडकं याच सॅबीनं सायकलची साखळी पुसायला नेलं होतं. काल संध्याकाळी तिनं हॉट वॉटर सिलिंडरचं कपाट धुंडाळलं. या देशात घरात ओल फार, म्हणून टॉवेल-चादरी त्या उबेच्या कपाटात ठेवतात. तिथं तळाशी तिला एक पांढरं, मऊ, जुनं कापड सापडलं. मधोमध पिवळसर डाग होता. तुपाचा असेल, म्हणून तिनं ते उकळत्या पाण्यातून काढलं, दही बांधलं आणि गाठोडं सिंकच्या नळाला टांगून दिलं. आता यात चुकण्यासारखं काय होतं, सांगा.

स्वयंपाकघरात आय, म्हणजे सासूबाई, फुग्यांचं पीठ चाचपत बसली होती. वसईची पावलीनबाय आल्मेडा, ऐंशीला टेकलेली, अंगावर साडी आणि साडीवर नातीचं जांभळं फ्लीसचं जॅकेट. नवरा गेल्यावर तिला इथं आणून तीन वर्षं झाली होती. घरात मुलांशी ती त्यांच्या सामवेदी बोलीत बोले, पण विभावरीसमोर शाळेतल्यासारखं जपून मराठी बोले, आणि त्यातच विभावरीला तिची माया कळायची.

"पीठ आळशी आहे आज," आय म्हणाली. "थंडी लागलीय त्याला."

"ओव्हनच्या कडेला ठेवा ना, आय."

"राहू दे. माझं अंग तरी कुठं लवकर गरम होतं? फुगेल सावकाश."

सिसिलताई डायनिंग टेबलावर काटे-चमचे मांडत होती. तिन्ही भावंडांत थोरली. टौरंगाच्या पॅकहाउसमध्ये तिच्या हाताखाली साठ माणसं, आणि किवीफळांचा ऐन हंगाम सोडून आपण गाडी हाकत आलोय, हे ती कालपासून प्रत्येकाला निदान एकदा सांगून मोकळी झाली होती. तिच्या मांडणीत एकही चमचा तिरका नव्हता.

तेवढ्यात बाहेरून माओरी नमस्काराची हाक आली, "किया ओरा, मंडळी!" आणि फादर इनास हातात बादली घेऊन मागच्या दारानं आत आला. बादलीत अर्थातच फिजोआ.

"अजून?" विभावरी कपाळावर हात मारून म्हणाली.

"पॅरिशच्या लोकांनी दिलेत. नाही कसं म्हणू?" तो हसला. पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, हे विभावरीनं टिपलं. "विभा, जरा अंगणात येतेस? सालं टाकायला."

सालं टाकायला दोन माणसं लागत नाहीत, हे सिसिलताईलाही कळत होतं. तिनं एक चमचा उचलून परत तिथंच ठेवला.

झाडाखाली दोघं उभी राहिली. इनास गेल्या महिन्यात एकावन्नचा झाला होता. केस पिकले तरी बारा महिने रबरी जँडल्स घालून पॅरिशभर हिंडणारा हा माणूस आज बूट घालून आला होता, म्हणजे नक्की काहीतरी होतं.

"आर्चबिशपांना भेटून आलो," तो म्हणाला. "चांगले बोलले. चहा पाजला. पण म्हणाले, निवडणूक लढवलीस तर मिस्सा म्हणायची नाही. दोन्ही नाही चालणार. एकच निवड."

पक्षाचा प्रस्ताव विभावरीला ठाऊक होता. किंबहुना तिचाही त्यात हात होता. ऑफिसात ती आकडे मांडायचं काम करते. भाड्याच्या ओल्या घरांमुळं मुलांना होणाऱ्या छातीच्या आजारांबद्दल इनास संसदेच्या समितीपुढं बोलला, तेव्हा त्याचे तक्ते तिनंच करून दिले होते. त्या भाषणानंतरच पक्षानं त्याला उमेदवारांच्या यादीत चांगली जागा देऊ केली. सप्टेंबरात निवडणूक, आणि निवडून आला तर घरांचा कायदा करणाऱ्यांत तो असणार.

"मग काय ठरवलंत?"

"मी माझं ठरवलंय." त्यानं एक फिजोआ उचलून हातात फिरवला. "मागच्या हिवाळ्यात मेले नावाच्या पोरीला पुरलं ना, चार वर्षांची होती. त्या घरात मी आधी तीनदा गेलो होतो. भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. मी काय केलं? प्रार्थना केली, ब्लँकेटं नेली, हीटर नेला. हीटरचं बिल त्यांना परवडेना. शेवटी पेटीवर पवित्र पाणी शिंपडायला मीच. विभा, मला आता पेटीच्या आधी पोचायचंय गं." तो थांबला. "पण आय नाही म्हणाली तर सोमवारी मी पक्षाला 'नाही' असं कळवणार. तिनं मला दिलंय देवाला. तिच्या तोंडून सुटल्याशिवाय मी सुटत नाही."

"आणि मला आधी का सांगताय?"

"तू कॅथलिक नाहीस. तुला धक्का बसत नाही."

"बसतो हो, इनासदादा. आम्हाला नुसतं दाखवता येत नाही, सासर आहे," ती म्हणाली, आणि या वेळी तो खरंच हसला.

जेवायला सहा माणसं बसली. आय टेबलाच्या टोकाला, तिच्या उजवीकडे इनास, डावीकडे सिसिलताई, मग सॅबी, विभावरी आणि त्यांची तेरा वर्षांची लेक इरा. इनासनं प्रार्थना म्हटली. इंद्याल झकास झालं होतं. पहिल्या वाढपात टौरंगाच्या ट्रॅफिकची आणि वेलिंग्टनच्या गाड्या रद्द होण्याची गाऱ्हाणी झाली. दुसऱ्या वाढपाला इनासनं ताट थोडं पुढं सरकवलं आणि अंगणात सांगितलं होतं तेच सांगितलं, पण अर्ध्या शब्दांत.

सिसिलताईनं काटा ताटाच्या कडेला सरळ रेषेत ठेवला.

पहिली सिसिलताई. ती बोलीत सुरू झाली, इतकी भराभर, की विभावरीला अर्धंही कळेना. मग तिच्या लक्षात आलं की भावजय आणि भाची बघत बसल्यात, तशी ती मराठीवर आली. राग काही कमी झाला नाही.

"उद्या तुझी ज्युबिली, आणि आज तू हे सांगतोस? फुलं सांगितलीत मी! गावाहून मामा व्हिडिओवर बघणार आहेत. पंचवीस वर्षं फादर, आणि सव्विसाव्या वर्षी काय, पोस्टरवर फोटो?"

"फोटो बरा येतो माझा," इनास म्हणाला.

"चेष्टा करू नकोस. आपल्या घराला गावात मान कशाचा आहे? केळींचा? केळी सगळ्यांकडे होती. आपल्याकडे फादर होता."

"बरोबर आहे ताईचं," सॅबी म्हणाला. तो घास चावता चावता बोलत होता, म्हणजे त्याला वाद नको होता पण बाजू घ्यायची होती. "अरे, तू आत राहून हीप्स, ढिगानं काम करतोयस. मंत्र्यांना भेटतोस, पेपरात लिहितोस. बाहेर पडलास की तू पण त्यातलाच एक. लोक फादरचं ऐकतात, पुढाऱ्याचं कोण ऐकतं? आणि घरमालकांवर असे कायदे लादले तर घरं भाड्यानं द्यायलाच कुणी राहणार नाही. म्हणजे, तत्त्व म्हणून सांगतोय."

इरानं मान वर केली. "डॅड, इज धिस अबाउट द वायनुइओमाटा हाउस?"

वायनुइओमाटाचं घर सॅबीनं दोन वर्षांपूर्वी घेऊन भाड्यानं दिलं होतं. त्याच्या बाथरूमची भिंत काळी पडलीय, हे विभावरीनं त्याला किमान चारदा सांगितलं होतं. सॅबीला ठसका लागला. इनासनं त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला, आणि तेच सॅबीला जास्त लागलं.

"पंखा बसवणार आहे मी तिथं," सॅबी ओशाळून म्हणाला. "पुढच्या महिन्यात."

"दोन हिवाळे झाले त्या पुढच्या महिन्याला," विभावरी म्हणाली. ती आतापर्यंत गप्प होती. सून म्हणून गप्प बसायची तिला सवय नव्हती, पण धर्माचा विषय निघाला की ती जिभेला आवर घालायची. आता तिला राहवलं नाही. "सिसिलताई, मान जाईल म्हणता. इनासदादांचा जर्मन फादर होता आणि मंत्रीही होता, त्याचा कुठं गेला?"

हा जर्मन घरात सगळ्यांच्या ओळखीचा. तरुणपणी इनास दोन वर्षं जर्मनीत शिकत होता, तेव्हापासून हाइन्रिख ब्राउन्स या नावाच्या फादरनं त्याला झपाटलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा कोलोनचा माणूस. गिरण्या-खाणीतल्या मजुरांत काम करता करता राजकारणात गेला, मजूरमंत्री झाला. सरकारं पडत होती, नवी येत होती, हा आठ वर्षं त्याच खुर्चीत. बेकार माणसाला विम्याचा आधार देणारा कायदा त्याच्याच काळात झाला. त्याचा कॉलर घातलेला फोटो इनासच्या खोलीत येशूच्या खालोखाल टांगलेला होता. लहानपणी इराला तो नात्यातलाच वाटायचा, आणि शाळेत वंशवृक्ष काढताना तिनं त्याला आजोबांच्या शेजारी बसवलं होतं.

"हां, जर्मन अंकल!" इरा म्हणाली. "ही वॉज बोथ, राइट?"

"होता," इनास म्हणाला. "त्या काळी चालत होतं. सकाळी मिस्सा म्हणायची आणि मग संसदेत जायचं. आता चर्चचा नियम आहे, फादरनं सत्तेचं पद घ्यायचं नाही. आणि खरं सांगू का, नियम चुकीचा आहे असंही मला वाटत नाही. वेदीवरून फादर मतं मागायला लागले तर अवघड व्हायचं. मला फक्त वाईट वाटतं की माझ्या वाट्याला दोन्ही नाही आलं."

"मग नको जाऊ!" सिसिलताईचा आवाज चिरकला. "वाईट वाटतंय तर कशाला जातोस?"

"राहिलो तरी वाईट वाटणारच आहे, ताई. त्या छोट्या मेलेच्या आईला दर रविवारी पहिल्या बाकावर बघतो मी."

 सिसिलताईनं मीठ उचलून आयकडे सरकवलं, आयला मीठ नको असताना. सॅबी खाली बघत म्हणाला, "मी... म्हणजे तसा मी अगदीच विरोधात नाहीये." दहा मिनिटांपूर्वी हाच गडी बहिणीच्या फळीत होता. तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं फुगी तोंडात कोंबली.

आता सगळे आयकडे बघायला लागले. ती इतका वेळ फुगीचे बारीक तुकडे करत होती, खात नव्हती.

"त्या जर्मनाला आई होती?" तिनं विचारलं.

"असेलच की, आय."

"मग तिला रुमाल परत द्यावा लागला नाही." तिनं हात पुसले. "इरा, जा बाळा. गरम पाण्याच्या कपाटात तळाला माझा पांढरा रुमाल आहे. माझ्या खणाला ओल आली होती म्हणून तिथं ठेवला. आण तो."

विभावरीच्या हातातली पळी थांबली.

"कसला रुमाल, ग्रॅन?"

आयनं इराकडे नाही, विभावरीकडे बघून सांगितलं, कारण घरात हे ठाऊक नसलेलं मोठं माणूस तीच. "दीक्षेच्या दिवशी बिशप नव्या फादरच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. मग दोन्ही हात रुमालानं बांधतात, तेल सांडू नये म्हणून. तो रुमाल आईला देतात. आईनं जपायचा. ती मेली की पेटीत तिच्या हातात ठेवायचा. वर गेल्यावर देव विचारतो, काय आणलंस? ती रुमाल दाखवते. म्हणते, एक मुलगा तुला दिला होता." ती इनासकडे वळली. "तुझे हात तू घेऊन जा, बाबा. मी अडवत नाही. पण रुमालही घेऊन जा. मी खोटं दाखवणार नाही देवाला. रिकाम्या हातांनी जाईन."

इनासचा चेहरा पांढरा पडला. याला हो म्हणायचं की नाही, हे टेबलावर कुणालाच कळलं नाही. पण असला हो घेऊन तो कुठंही जाणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

इरा रिकाम्या हातांनी परत आली. "इट्स नॉट देअर."

"तळाला बघ. टॉवेलांच्या खाली."

"आय लुक्ड, ग्रॅन. देअर्स नथिंग."

सिसिलताई उठली. सॅबी उठला. कपाटातले टॉवेल बाहेर आले, चादरी बाहेर आल्या, इराचे मागच्या वर्षीचे पोहायचे टॉग्ज बाहेर आले. आय खुर्चीतच बसून होती, पण तिची बोटं टेबलाच्या कडेवर काहीतरी चाचपत होती. विभावरीची नजर सिंककडे गेली. मधोमध पिवळसर डाग. तुपाचा असेल, असं तिला वाटलं होतं. उकळतं पाणी तिनं स्वतःच्या हातानं ओतलं होतं.

"आय," ती शेवटी म्हणाली. "तो रुमाल... माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे?"

 विभावरीनं नुसतं सिंककडे बोट केलं. नळाला गाठोडं टांगलेलं होतं, आणि त्यातून खालच्या भांड्यात निवळ टपकत होती.

"जीजस, मेरी अँड जोसेफ," सॅबी पुटपुटला.

"चक्का!" सिसिलताईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "दीक्षेच्या रुमालात चक्का बांधला हिनं! पवित्र तेलाचा रुमाल, विभा! असं कसं गं..." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि सगळी दुपार जे रडू तिनं दाबून धरलं होतं ते या निमित्तानं मोकळं झालं.

विभावरीलाही रडू फुटलं. "मला माहीत नव्हतं हो, आय. मला वाटलं स्वयंपाकघरातलंच जुनं कापड आहे. मी गरम पाण्यानं धुतलं पण. तेल गेलं असेल. मी काय करू आता? सांगा, मी काय करू?" चौदा वर्षांपूर्वी याच घरानं तिला धर्म न बदलता सून करून घेतली होती, भटजी आणि फादर एका मांडवात आणले होते, आणि आज तिनं सासूच्या मरणाची एकच ठेव दह्यात बुडवली होती.

आय उठली. सॅबी हात द्यायला पुढं झाला, तो तिनं बाजूला सारला. सिंकपाशी जाऊन तिनं गाठोडं नळावरून काढलं, ओट्यावर ठेवलं आणि गाठ सोडली. मधला चक्का पांढराशुभ्र, घट्ट. तिनं तो पळीनं भांड्यात काढला आणि कापड नळाखाली धरलं. मग उजेडात पसरून ती बराच वेळ बघत राहिली.

आणि हसली. आधी खांदे हलले, मग आवाज आला. विभावरीला वाटलं, सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

"स्वैंपाकघरातलंच कापड, म्हणे," आय म्हणाली. "पोरीला बरोबर कळलं. इतक्या वर्षांत कुणाला नाही कळलं, तिला कळलं."

"म्हणजे?" इनास पुढं आला.

"तुझ्या दीक्षेसाठी मी लिनन आणलं होतं, बोरिवलीहून. कडेला द्राक्षांची वेल भरली, तुझं नाव भरलं. सहा महिने भरत होते. आणि त्या दिवशी घरात दोनशे पाहुणे, केस विंचरायला फुरसत नाही. देवळात पोचले आणि बघते तर रुमाल घरी पलंगावरच राहिलेला. तिकडे बिशप आत येतायत, गाणं सुरू झालं. काय करणार? बरोबर आणलेल्या फुग्यांच्या डब्यावर दूध गाळायचं फडकं झाकलेलं होतं, धुतलेलं. ते काढलं, घडी घातली आणि तबकात ठेवलं. बिशपांनी तेच बांधलं तुझ्या हातांना." ती डोळे पुसत होती आणि हसत होती. "तुझ्या बापालाही कधी सांगितलं नाही. दरवर्षी कन्फेशनला जायचे आणि सांगायचं राहूनच जायचं."

सिसिलताई रडायची थांबली. "मग तो वेलीचा रुमाल?"

"तुझ्या लग्नात केकखाली घातला ना."

यावर सॅबीला हसू आवरेना. त्याच्यामागून इरा हसली, आणि सिसिलताईही नाक पुसता पुसता हसायला लागली. इनास तेवढा हसला नाही. तो आयच्या शेजारी सिंकला टेकून उभा होता.

आयनं कापड पिळलं. डाग गेला होता का राहिला होता, ते विभावरीला लांबून दिसत नव्हतं, आणि विचारायची तिची छाती नव्हती.

"तेलाला काही कळलं नाही, की कापड कुठलं आहे," आय म्हणाली. आता ती हसत नव्हती. "लागायचं तिथं लागलं. पंचवीस वर्षं तू लोकांची पोरं बाप्तिस्म्याला धरलीस, म्हाताऱ्यांचे डोळे मिटलेस. ते काय या फडक्यानं केलं?" तिनं त्याचा उजवा हात धरला आणि तळवा उताणा केला. "तू वर्षाचा होतास. ताप उतरेना. मी देवाला म्हटलं, वाचव, तुझाच करते. चौदाव्या वर्षी तुला फादर व्हायला सेमिनरीत सोडला तेव्हा तू देवळाच्या फाटकाला धरून उभा होतास. मी तुझी बोटं सोडवली, एक-एक करून. तुला विचारलं नव्हतं मी, इनास."

"आय, मला कधीच पश्चात्ताप नाही झाला."

"मला ठाऊक आहे. तरी विचारलं नव्हतं. आणि तू, एवढा पन्नाशीचा बाप्या, मला विचारायला आलास."  ती तशीच उभी राहिली, त्याचा हात धरून. "मला भीती वाटते रे. फादरला सगळे नमस्कार करतात. पुढाऱ्याला शिव्या देतात. तुला कुणी शिवी दिली तर मी काय करू?"

"डोन्ट वरी, ग्रॅन," इरा म्हणाली. "वी वोन्ट शो यू द कॉमेंट्स."

"काय म्हणते ती?"

"म्हणते, आम्ही तुम्हाला वाचू देणार नाही," विभावरीनं सांगितलं, आणि तिच्या स्वतःच्या आवाजानं तिलाच धीर आला.

आयनं रुमाल तिच्या हातात दिला. "बाहेर वाळत घाल. वारा आहे तोवर वाळेल. मग घडी करून माझ्याकडे दे, माझ्या उशीखाली ठेवते. तुझ्या कपाटाचा भरवसा नाही."

"म्हणजे... तुम्ही परत नाही देणार त्यांना?"

"कशाला देऊ? पेटीत माझ्या हातात घालायचाय तो. सगळ्यांनी ऐकलं ना?"

"आय," इनास म्हणाला. त्याला पुढचं विचारायला जड जात होतं. "त्या वेळी मी फादर म्हणून नसेन कदाचित. तुझ्या पेटीपाशी मिस्सा दुसरंच कुणीतरी म्हणेल. मग देवाला काय सांगशील?"

"सांगेन, यानं माझ्या पोराचे हात बांधले होते. आता ते कुठं आहेत ते तूच बघ खाली वाकून. ओल्या भिंतींना लागलेले असतील."

सिसिलताईनं पुढं येऊन भावाच्या पाठीवर एक जोराचा धपाटा घातला. मग तिथंच हात ठेवून उभी राहिली. "पोस्टरवर चष्मा काढ," ती म्हणाली. "चष्म्यात बावळट दिसतोस." सॅबी खिशातून फोन काढून वायनुइओमाटाच्या भाडेकरूला काहीतरी लिहायला लागला होता.

"म्हणजे हो ना, आय?" इनासनं विचारलं. एकावन्न वर्षांच्या माणसाचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे विभावरीनं त्या दिवशी ऐकलं.

 आय टेबलाकडे परत गेली, खुर्चीत बसली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"उद्याची मिस्सा मराठीत म्हण," ती म्हणाली. "आणि घाई करू नकोस. तुला शेवटी घाई करायची सवय आहे, मी पहिल्या बाकावरून बघते. उद्या करू नकोस. मला शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचीय."

इनासनं ओट्याची कड धरली. मग तो आयच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मांडीवर कपाळ टेकलं. तिनं त्याच्या पिकल्या केसांवर हात ठेवला. 

विभावरी रुमाल घेऊन अंगणात गेली. दोरीवर इराचा शाळेचा स्कर्ट आणि सॅबीचे मोजे होते, त्यांच्यामध्ये जागा करून तिनं चिमटे लावले. रुमाल वाऱ्यावर ताणला गेला तेव्हा तिनं उजेडाकडे बघून डाग शोधला. होता. फिका, बोटभर, मधोमध. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, डोळे पुसले आणि श्रीखंडाला साखर घालायला आत गेली.